बाराव्या दिवशी अडलेली कादंबरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीस दिवसांत कादंबरीचा ५०,००० शब्दांचा पहिला खर्डा पूर्ण करण्याचा संकल्प तुम्ही केला. पहिला आठवडा उत्तम गेला आणि तुम्ही ठरवलेल्या गतीच्या पुढेच होता. आठव्या दिवशी तुम्ही सुरुवातीपासून सगळे वाचून काढले, आणि त्या दिवसापासून रोज जेमतेम दीड-दोनशे शब्द होत आहेत. आज बारावा दिवस आहे, १४,२०० शब्द झाले आहेत, आणि तुम्ही विचारता की प्रेरणा टिकवायची कशी, आणि टिकत नसेल तर हे सोडून द्यावे का.

तुमच्या प्रश्नात प्रेरणेविषयी जितके लिहिले आहे, त्याहून अधिक मोलाचे एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात. वडिलांच्या निधनानंतर घर विकायचे की नाही यावरून दोन बहिणींमध्ये ताण आहे, धाकटीला विकायचे आहे, थोरलीचा विरोध आहे; आणि मग तुम्ही म्हणता, ‘पाचव्या प्रकरणात थोरली राजी होते, सह्या करायचा दिवस ठरतो, आणि त्यापुढे मला काही सुचत नाही.’ माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ज्या एका प्रश्नावर कादंबरी उभी होती तो पाचव्या प्रकरणातच सुटला, म्हणून पुढे काय होणार याची उत्सुकता वाचकाला उरली नाही आणि लिहिणाऱ्यालाही उरली नाही. तुम्ही याला प्रेरणेचा अभाव म्हणता. मी म्हणेन की तुमच्या मनाला कथेतला दोष कळला आहे आणि बुद्धीला तो अजून सापडायचा आहे.

मी अशा महिनाभराच्या लेखनात आजवर सात वेळा उतरले आहे. चार वेळा खर्डा पूर्ण झाला, तीन वेळा झाला नाही. सातही वेळा दुसऱ्या आठवड्यात गती मंदावली, म्हणजे पूर्ण झालेले चार खर्डेही याच टप्प्यातून गेले. याचे कारण मला असे दिसते की कादंबरीची सुरुवात आपण कितीतरी महिने मनात घोळवत असतो. पहिले प्रसंग, पहिली वाक्ये, एखाद्या व्यक्तिरेखेची बोलण्याची ढब हे सगळे लिहायला बसण्याआधीच साठलेले असते. पहिल्या आठवड्यात आपण तो साठा कागदावर उतरवत असतो आणि त्या वेगालाच आपली नेहमीची गती समजतो. माझा साठा साधारण बारा ते पंधरा हजार शब्दांच्या आसपास संपतो. त्यानंतर प्रत्येक प्रसंग लिहिता लिहिताच शोधावा लागतो, आणि शोधण्याचे काम उतरवण्यापेक्षा हळूच होते. हा बदल आधी ठाऊक नसला की माणसाला वाटते, आपले काहीतरी बिघडले.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. तुमच्या घरची परिस्थिती, नोकरीचे तास, प्रकृती यांविषयी मला काही माहीत नाही, आणि ‘सोडून द्यावे का’ याचे उत्तर पुष्कळसे त्यांवर अवलंबून आहे. घरात आजारपण असेल, झोप पाच तासांच्या खाली गेली असेल, किंवा हे लेखन करताना तुम्हाला स्वतःच्याच वडिलांचे जाणे पुन्हा भोगावे लागत असेल, तर या महिन्यात थांबणे पूर्णपणे योग्य आहे आणि त्यात हार नाही. माझ्या तीन अपूर्ण खर्ड्यांपैकी एक मी अशाच कारणाने थांबवला आणि पुढच्या वर्षी सावकाश, आठ महिन्यांत पूर्ण केला. या उत्तराचा उरलेला भाग असे काही नाही असे गृहीत धरून लिहीत आहे.

आता त्या पाचव्या प्रकरणाकडे येऊ. परत जाऊन ते प्रकरण दुरुस्त करण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण दुरुस्ती करताना आपण काम करत आहोत असे समाधान मिळते. कृपा करून ते करू नका. एकदा मागे वळले की पाचव्यासाठी चौथे, चौथ्यासाठी तिसरे असे होत महिना पहिल्या पन्नास पानांवरच संपतो. माझा पहिला अपूर्ण खर्डा असाच संपला. त्याऐवजी आज जिथे आहात तिथेच कंसात एक ओळ लिहा: ‘थोरली राजी होत नाही, पाचवे प्रकरण नंतर बदलायचे.’ आणि सहावे प्रकरण असे लिहायला घ्या की जणू पाचवे आधीच बदललेले आहे. खर्डा वाचणारे तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि तुम्हाला तो बदल माहीत आहे. पहिल्या खर्ड्यात कथानक आतून जुळलेले असण्याची गरज नसते, ते शेवटापर्यंत पोहोचण्याची गरज असते.

मात्र तुमच्या जागी मी असते तर याहून वेगळी वाट आधी चाचपून पाहिली असती. थोरली राजी झाली, ठीक आहे. पण ती का राजी झाली? चार प्रकरणे अडून बसलेली बाई एकाएकी होकार देते, तेव्हा तिला एकतर काहीतरी कळलेले असते किंवा तिने काहीतरी ठरवलेले असते, आणि दोन्हींपैकी काहीही असले तरी ते तिने बहिणीला सांगितलेले नाही. तुम्ही तो होकार लिहिला तेव्हा बहुधा प्रसंग संपवण्यासाठी लिहिला. आता त्याच्यामागचे कारण शोधा. घरावर वडिलांनी कर्ज काढले होते आणि ते तिला परवा कळले, असे असेल. धाकटीच्या संसाराची ओढाताण तिने पाहिली आणि ती पाहिल्याचे तिला कबूल करायचे नाही, असेही असेल. यांतले एक कारण निवडले की तोच होकार शेवट न राहता नव्या संशयाचा आरंभ होतो: धाकटीला हवे ते मिळाले, पण इतक्या सहज का मिळाले, हा प्रश्न तिला झोपू देणार नाही. मग पुढची दहा प्रकरणे तुम्हाला ओढून आणावी लागणार नाहीत.

ही युक्ती तुमच्याच कथेपुरती नाही. लेखन अडले की मी स्वतःला तीन गोष्टी विचारते: या प्रसंगात कोणाला काय हवे आहे, ते मिळण्यात आडवे काय येते, आणि प्रसंग संपताना आधीपेक्षा काय बदललेले असेल. तिन्हींची उत्तरे असूनही हात चालत नसेल तर मी थकलेली असते आणि झोपायला जाते. एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल तर अडचण कथेची असते, आणि तिथे निग्रहाने बसून राहण्याचा उपयोग होत नाही. फिरायला जाऊन त्या एका प्रश्नाचा विचार करण्याचा होतो. थकवा आणि कथेतला पेच आतून अगदी सारखेच जाणवतात, दोन्हींना आपण ‘मन लागत नाही’ असेच म्हणतो, पण उपाय उलटे आहेत. थकलेल्या माणसाने कथानकात उलथापालथ केली तर चांगली कथा बिघडते, आणि पेचात सापडलेल्याने नुसती विश्रांती घेतली तर तो दुसऱ्या दिवशी त्याच पेचापाशी येऊन उभा राहतो.

आठव्या दिवशीच्या वाचनाविषयी. तुम्हाला लिहिलेले वाईट वाटले, आणि कदाचित ते खरोखरच कच्चे असेल. पहिल्या खर्ड्याचे तसेच असते. परंतु सलग वाचन करताना आपण वाचक होतो आणि वाचकाची दाद न देणारी नजर घेऊनच पुन्हा लिहायला बसतो. मग प्रत्येक वाक्य उमटण्याआधीच तपासले जाते. मी महिना संपेपर्यंत मागचे वाचत नाही, फक्त आदल्या दिवशीचे शेवटचे पान वाचते, तेही सूर पकडण्यापुरते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करत असताना पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या वेगाची चर्चा नेहमी होते. त्यांच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात जात असे, याची चर्चा कमी होते. म्हणजे वाचन त्यांनाही लागत होते, पण ते फक्त कालचे. पहिल्या पानापासूनचे वाचन ही संपादनाची पायरी आहे आणि तिची वेळ अजून आलेली नाही.

याच संदर्भात मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्यापैकी अनेक जण लिहितानाच ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार दुरुस्त करत राहतात, आणि देवनागरी कळफलकावर हात अजून बसलेला नसला तर एकेका जोडाक्षरापाशी विचार तुटतो. खर्ड्यात चुकीचे राहू द्या. एखादा तपशील आठवत नसेल तर ‘तपासा’ एवढेच लिहून पुढे जा. महिना संपल्यावर तो शब्द शोधला की सगळ्या जागा एकदम सापडतात. बोटे फारच मागे पडत असतील तर फोनवर बोलून लिहिण्याची सोय संवादांसाठी चांगली चालते. वर्णनासाठी ती मला उपयोगी पडलेली नाही, आणि विरामचिन्हे तर सगळी नंतरच घालावी लागतात.

शब्दसंख्येचा हिशेब आता करू, कारण भीतीचा बराचसा भाग हिशेब न केल्यामुळे असतो. ५०,००० शब्द तीस दिवसांत म्हणजे रोज १,६६७. तुमचे ३५,८०० उरले आहेत आणि उद्यापासून अठरा दिवस आहेत, म्हणजे रोज सुमारे १,९९०. आणखी एक दिवस पूर्ण वाया गेला तर हा आकडा २,१०६ होतो. एका दिवसाची किंमत उरलेल्या प्रत्येक दिवशी सव्वाशेहून कमी शब्द, म्हणजे फार तर एक परिच्छेद. म्हणून एका वाईट दिवसाने काही संपत नाही. मात्र रविवारी बसून एका दमात पाच हजार शब्द भरून काढू, या विचाराने पुष्कळ काही संपते, कारण तो रविवार ठरल्याप्रमाणे गेला नाही की सोमवारी कोणी बसतच नाही. तूट उरलेल्या दिवसांवर पसरून टाकावी.

त्याहून मूलभूत प्रश्न हा आहे की ५०,००० हा आकडाच तुमच्यासाठी योग्य आहे का. महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा हा उपक्रम १९९९ च्या जुलैत अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सुरू केला. एकवीस जण होते आणि त्यांतले सहा जण शेवटापर्यंत पोहोचले. दुसऱ्या वर्षी तो नोव्हेंबरमध्ये गेला आणि ‘नॅनोरायमो’ (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चे संक्षिप्त रूप) या नावाने जगभर पसरला. आकडा ठरला तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. ‘घरातल्यांनीसुद्धा’ हा संगणकाच्या मोजणीत एक शब्द आहे. तोच अर्थ इंग्रजीत सांगायला पाच-सहा शब्द लागतील. त्यामुळे मराठीतले ५०,००० शब्द म्हणजे बराच अधिक ऐवज असतो, आणि तितकाच अधिक श्रम. मी स्वतः गेली काही वर्षे मराठी खर्ड्यासाठी ४०,००० चे लक्ष्य ठेवते. तुम्हीही तसे केलेत तर तुमचे २५,८०० उरतात, म्हणजे रोज सुमारे १,४३०, आणि हे नोकरी सांभाळून होण्यासारखे आहे. माझा वेग अर्ध्या तासाला चारशे ते साडेचारशे शब्दांचा आहे, त्या हिशेबाने पावणेदोन तास लागतात. तुमचा वेग वेगळा असेल, तो दोन दिवस घड्याळ लावून मोजून घ्या. ५०,००० हाच आकडा तुम्हाला आतून हवा असेल तर अवश्य ठेवा, फक्त तो कोणत्या भाषेच्या मापाने आला आहे हे लक्षात असू द्या.

शब्द मोजण्याचा एक धोका मी अनुभवला आहे. दुसऱ्या खेपेस मी एकोणतिसाव्या दिवशी ५०,००० वर पोहोचले, पण शेवटचे बारा हजार शब्द स्वप्ने, हवामान आणि कोणीच काही न मागणारे संवाद यांनी भरलेले होते. आकडा पूर्ण झाला आणि कथा अडतीस हजारांवर होती तिथेच राहिली. तो खर्डा मी दोन वर्षे उघडू शकले नाही. तेव्हापासून मी प्रसंग मोजते. माझा एक प्रसंग साधारण तेराशे शब्दांचा होतो, म्हणजे चाळीस हजारांच्या खर्ड्यात तीस-एकतीस प्रसंग. भिंतीवर तितके चौकोन आखलेला कागद असतो आणि प्रसंग संपला की त्या चौकोनात तो पाच-सहा शब्दांत लिहिते. शब्दांचा आकडा दुसऱ्या दिवशी विसरला जातो, पण ‘थोरली किल्ली परत देत नाही’ असे लिहिलेला चौकोन दिसत राहतो आणि त्याच्या शेजारचा रिकामा चौकोन मला विचारात पाडतो. प्रेरणा नावाची गोष्ट मला जर कुठे नियमित भेटत असेल तर ती तिथे.

दिवसाचे काम कुठे थांबवायचे यालाही महत्त्व आहे. अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी सांगितले होते की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावे. मी प्रसंगाच्या मध्यावर थांबते, शक्य तर कोणीतरी प्रश्न विचारल्यावर आणि समोरच्याने उत्तर देण्याआधी, आणि खाली दुसऱ्या दिवसासाठी दोन ओळी लिहून ठेवते. प्रसंग पूर्ण करून उठण्यात समाधान जास्त असते, हे खरे; परंतु त्या समाधानाची किंमत दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाने चुकवावी लागते. तुमचे पाचवे प्रकरणही असेच, सगळे मिटवून संपले आहे.

राहिली गोष्ट सोबतीची. ज्या संस्थेने हा उपक्रम चालवला तिने मार्च २०२५ अखेर काम बंद करत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे तिथला एकत्र आकडे भरण्याचा आधार आता नाही आणि तो आपला आपण उभा करावा लागतो. त्याचे मोल मला फार वाटते. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कींनी १८६६ मध्ये एक छोटी कादंबरी सव्वीस दिवसांत पूर्ण केली, कारण मुदत चुकली असती तर प्रकाशकाला त्यांचे लेखन नऊ वर्षे मोबदला न देता छापण्याचा हक्क मिळणार होता. मुदतीचा हा धाक सगळे सांगतात. पण त्या सव्वीस दिवसांत आना स्नित्किना ही तरुण लघुलेखिका रोज येऊन त्यांच्या तोंडून ती कादंबरी उतरवून घेत होती, म्हणजे रोज एक माणूस पुढचा भाग ऐकण्यासाठी समोर बसलेला होता. तुम्हीही असा एक माणूस शोधा. त्याला लेखन वाचायला देऊ नका, मत तर मुळीच विचारू नका, कारण या टप्प्यावर स्तुती आणि टीका दोन्हींनी हात थबकतो. रात्री त्याला एवढेच कळवायचे की आज कोणता प्रसंग लिहिला आणि उद्या कोणता लिहिणार.

उद्याचा प्रसंग मी तुमच्यासाठी सुचवते, पटला तर घ्या. सह्यांच्या आदल्या रात्री धाकटीला पाणी प्यायला जाग येते आणि थोरली दिवा लावून कागद पुन्हा वाचत बसलेली दिसते. धाकटी विचारते, ‘ताई, तू हो का म्हणालीस?’ थोरली काय उत्तर देते ते आज ठरवू नका. प्रश्नापर्यंत लिहा, शब्द मोजू नका, तिथेच थांबा, आणि उत्तर परवा सकाळी लिहा.